कपाटातला समुद्र

तो गुरुवार होता. आता पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवार म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मेंटेनन्सचा वार! त्याप्रमाणे दुपारी लाइट गेली आणि मी बेडरूममध्ये लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर एक आर्टिकल संपवत बसले. अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात खालच्या फ्लॅटमधल्या काकू.

‘‘अगं, तुमच्याकडे नळ चालू राहिलाय का? आमच्या हॉलच्या कोपऱ्यात ओल दिसतेय.’’

मागे वळून पाहिलं, तर फिशटँकखालच्या कपाटातून पाणी वाहत सोफ्यापर्यंत पोहोचलं होतं. साधं पाणी असतं तर एक वेळ ठीक होतं. हे खारं होतं! भाड्याचा फ्लॅट, घरमालकांचं नवं लॅमिनेट आणि शेजारच्यांच्या सीलिंगवर माझा खासगी अरबी समुद्र. टेन्शनचं फुल पॅकेज.

नीमोचं खूळ

सुरुवात अर्थातच नीमोपासून. 2003 मध्ये ‘फाइंडिंग नीमो’ आला आणि जगभर केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश घरोघरी हवासा झाला. माझं खूळ जरा उशिरा उफाळलं, इतकंच. लहानपणी मुंबईला गेलं की मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय ठरलेलं. 1951 साली उघडलेली ती वास्तू समुद्राला खेटून होती. आपण मात्र राहतो पिंपळे सौदागरला, वन बीएचकेमध्ये. समुद्र घाटाच्या पलीकडे आणि हॉलमध्ये टाकीसाठी जागा किती? तीन फूट बाय सव्वा फूट. त्यापलीकडे बाल्कनीचं दार.

गोड्या पाण्याच्या टाकीला एक छोटा फिल्टर लटकवला तरी भागतं. खाऱ्या पाण्याचं तसं नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी. या बॅक्टेरियांची वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तिला राहायला जागा लागते. शिवाय कचरा सडण्याआधीच फेसावाटे बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर हवा. पाणी वर ढकलणारा पंप हवा. हे सगळं टाकीत ठेवलं, तर मासे कुठे ठेवायचे? म्हणून टाकीखाली दुसरी टाकी, तिला म्हणतात संप. वरचं पाणी पाइपने खाली येतं, गाळून पंपाने परत वर जातं.

बसतं का? नाही, निघतं का?

माझी एक मैत्रीण चाकणला गाड्यांच्या कंपनीत डिझाइनला आहे. रोज पहाटे कंपनीची बस, नाशिक फाट्यापासून पुढे ट्रॅफिक आणि दिवसभर एकच काम. बॉनेटखालच्या टीचभर जागेत शंभर गोष्टी बसवायच्या. याला ते लोक ‘पॅकेजिंग’ म्हणतात. मी मोठ्या उत्साहाने तिला कागदावर काढलेलं कपाट दाखवलं.

तिने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, ‘‘बसतंय ते कळलं. निघतं का?’’

माझं कपाट आतून साठ सेंटिमीटर उंच. स्किमर पंचेचाळीसचा. बसतो की! पण स्किमरच्या डोक्यावर घाण गोळा होणारा कप असतो आणि तो दर दोन-तीन दिवसांनी वर उचलून काढावा लागतो. त्याला वर आणखी पंधरा सेंटिमीटर लागतात. खाली संपच्या तळाची काच आणि तिच्याखालचं थर्माकोल धरलं, की उंची संपली. म्हणजे कप धुवायचा तर प्रत्येक वेळी पंप बंद करून आख्खा स्किमर बाहेर! ‘‘ज्या पार्टपर्यंत हात पोचत नाही, तो पार्ट कोणी साफ करत नाही,’’ ती म्हणाली. एकदम पटलं. माझी गाडी आठवली.

मिस्त्रीकाकांनी मजबुतीसाठी मध्ये उभी फळी टाकली होती. तीही तिने खोडली, कारण दोन फुटी संप तिच्यामागे सरकलाच नसता. मग मजबुतीचं काय? टाकीत 162 लिटर पाणी, खारं असल्यामुळे सुमारे 166 किलो. काच आणि संप वेगळे. शेवटी भोसरीच्या एका वर्कशॉपमधून चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड करून घेतली, पावडर कोटिंगसकट. उंची पंधरा सेंटिमीटर वाढवली. वजन चार कोपऱ्यांवर, समोरचा भाग मोकळा. औद्योगिक पट्ट्यात राहण्याचा हा एक सॉलिड फायदा. मॉलमध्ये न मिळणारी कुठलीही गोष्ट इथे कुणीतरी बनवून देतं.

नऊ लिटरचं गणित

मग पाणी का सांडलं? तो शहाणपणा माझा एकटीचा. संप 60 बाय 30 सेंटिमीटरचा, उंची 35. मला वाटलं, जागा आधीच कमी, मग ती रिकामी कशाला ठेवायची? तीस सेंटिमीटरपर्यंत भरला. वरून पाच सेंटिमीटर मोकळे, म्हणजे नऊ लिटरची जागा.

पण पंप बंद पडला, की वर जाणारा पाइपच उलटा सायफन होतो. माझ्या पाइपचं तोंड वरच्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडालेलं होतं. 90 गुणिले 40 गुणिले 5, म्हणजे अठरा लिटर पाणी खाली यायला निघालं. जागा नऊची. उरलेले नऊ लिटर कुठे गेले, ते काकूंना विचारा.

मैत्रीण हसली नाही, हे तिचं मोठेपण. तोंड वर घेऊन पाण्याखाली जेमतेम एक सेंटिमीटर ठेवलं, म्हणजे फार तर साडेतीन-चार लिटर परत येणार. पाइपला पृष्ठभागालगत एक बारीक भोक पाडलं, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. आणि संपवर पंचवीस सेंटिमीटरला मार्करची रेघ मारली. त्यावरची जागा कायम रिकामी. इतके दिवस मी जिला वाया गेलेली जागा समजत होते, तीच खरी कामाची निघाली. काकूंचा कोपरा मी स्वखर्चाने रंगवून दिला. आता त्या संध्याकाळी मासे बघायला येतात.

कोरलचं काय?

हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. परदेशातल्या फोटोंत रंगीत कोरल आणि ‘लाइव्ह रॉक’ दिसतात. आपल्याकडे मात्र 2001 पासून कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्री घोडेसुद्धा. कोणी गुपचूप ‘अ‍ॅरेंज करून देतो’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. लाइव्ह रॉक जे काम करतो, ते मी संपमधल्या सिरॅमिक रिंगांकडून करून घेते. त्यांच्या छिद्रांत बॅक्टेरिया सुखाने नांदतात. दिसायला त्या चुरमुऱ्यांसारख्या, पण दिसतात कोणाला? कपाटाचं दार बंद असतं.

माशांचंही तेच. समुद्रातून पकडलेला क्लाऊनफिश घेण्यापेक्षा हॅचरीत वाढलेला मागा. आपल्या ऐरोलीलाच मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात क्लाऊनफिशची पैदास झाली आहे, म्हणजे हे अशक्य कोटीतलं काम नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचते, पाणी. नोव्हेंबर 2019 पासून आपल्या शहरात नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं. आणि मी? दर आठवड्याला वीस लिटर आरओचं पाणी आणि सातशे ग्रॅम समुद्री मीठ, दोन माशांसाठी! आरओमधून बाहेर पडणारं पाणी आता लादी पुसायला आणि गाडी धुवायला जातं. तिसरा मासा घ्यायचा मोह झाला, की ती बादली बघते. मोह आवरतो.

जाता जाता

तुम्हीही या वाटेला जाणार असाल, तर आधी संप आणा, मग कपाट बनवा. प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर हात जाईल एवढी जागा सोडा. वायरी प्लगपासून आधी खाली झोक घेऊन येऊ द्या, म्हणजे ओघळ स्विचबोर्डात जाणार नाही. कपाटाच्या पाठीला छोटा पंखा लावा, पंपांची गरमी साठत नाही. पाणी उडालं की मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची. आणि बॅटरीवरचा एअरपंप हाताशी ठेवा.

मासे घरात यायच्या आधी एक टेस्ट मात्र नक्की करा. टाकी भरा, सगळं चालू करा आणि मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद करून संपसमोर मांडी घालून बसा. पाणी रेघेच्या वर चढेल, चढेल आणि थांबेल. ते थांबलं, की मगच नीमोला घरी आणा.

मी आता दर बुधवारी रात्री हे करते. गुरुवार काही सांगून येत नाही म्हणतात, पण आपल्याकडे तो दर आठवड्याला येतो.