पाठांतर नव्हे, रीत शिकवा

अमरावती-अकोल्याकडे संगणकशास्त्र शिकायला कोरडवाहू शेतकऱ्यांची मुलेही येऊ लागली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. प्रश्न असा की, आपण त्यांच्या हाती काय देतो? अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी प्रोग्रामिंगच्या भाषेचे व्याकरण घोकून घेतले जाते, तयार प्रोग्राम वहीत उतरविले जातात आणि परीक्षेतही तेच विचारले जातात. समस्या सोडविण्याची पायरीपायरीने जाणारी रीत, म्हणजेच अल्गोरिदम, बाजूलाच राहते.

वास्तविक ही रीत यंत्रावाचूनही शिकविता येते. अकारविल्हे लावलेल्या हजार नावांत एक नाव शोधायचे आहे. ओळीने पाहत गेल्यास हजार नावेही पाहावी लागतील. दरवेळी मधले नाव पाहून निम्मी यादी सोडीत गेल्यास दहा वेळा पाहणे पुरते. यादी अकारविल्हे नसेल तर? हा प्रश्न विद्यार्थ्याला स्वतःच पडला, की शिक्षण सुरू झाले. त्यासाठी खडू, फळा आणि मराठी पुरे.

प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे आली असताना नुसत्या व्याकरणाला किंमत किती राहणार? रीत रचणारे मूठभर आणि हुकूम बजावणारे असंख्य, ही नवी वर्णव्यवस्थाच होय.

अमरावती विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारून श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत. पहिले काही आठवडे यंत्राविना, मराठीतून समस्या सोडविणे आणि परीक्षेत न पाहिलेला प्रश्न, एवढी मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी.