झऱ्याचे पाणी वाहते राहू द्या

रामाकोन्याच्या माणसाला गरम झऱ्याची आंघोळ करायची तर दोन वाटा आहेत. उत्तरेला छिंदवाडा ओलांडून पचमढीच्या दिशेने गेले की अनहोनी लागते. पश्चिमेला पांढुर्णा, वरूड, मोर्शी करत गेले की सालबर्डी. दोन्ही वाटा महादेवाच्या. त्रिशूळ खांद्यावर घेऊन पचमढीला निघणारे भाविक या भागात नवे नाहीत, आणि सालबर्डीचे ठाणे तर ‘छोटा महादेव’ म्हणूनच ओळखले जाते. महाशिवरात्रीला तिथे लोटणाऱ्या गर्दीत सौसर-पांढुर्ण्याकडची माणसेही असतात. या कुंडांचे काय होते आहे, याच्याशी आपला संबंध नाही असे म्हणूनच म्हणता येत नाही.

पाणी गरम का, याचे एक उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते: इथली काळी जमीन लाव्हारसाची, तेव्हा खाली ज्वालामुखी धगधगत असणार. हे खरे नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; तो केव्हाच थंड झाला. खरी गोष्ट साधी आहे. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते, साधारणपणे दर किलोमीटरला 25 ते 30 अंश सेल्सिअस. डोंगरावर पडलेला पाऊस खडकांच्या फटींतून खोल मुरतो, तापतो आणि जिथे मोठी भेग सापडेल तिथून झपाट्याने वर येतो. झपाट्याने आला तरच तो गरम राहतो. रेंगाळला तर वाटेतच निवतो. म्हणजे गरम झऱ्याला पाऊस आणि भेग ही दोन्ही लागतात.

भेगांची या मुलखात वाण नाही. नर्मदा, सोन आणि तापी यांच्या खोऱ्यांना धरून गेलेल्या प्राचीन भंगरेषेवर छत्तीसगडच्या तातापानीपासून जळगाव जिल्ह्यातल्या उनपदेवपर्यंत गरम झरे आहेत. अनहोनी आणि सालबर्डी त्याच माळेतले. त्यातही गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याचा भ्रंश सालबर्डीवरून पूर्वेकडे कन्हानच्या खोऱ्याकडे येतो. आपल्या गावाचे नाव तर भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे कोरले गेले आहे: ‘रामाकोना-कटंगी ग्रॅन्युलाइट पट्टा’. ग्रॅन्युलाइट हा जमिनीच्या पोटात फार खोल, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत तयार होणारा खडक. तो कन्हानच्या परिसरात उघड्यावर दिसतो, याचा अर्थ इथली भूमी कधीकाळी फाटली, सरकली आणि उचलली गेली. गावातल्या शाळेत हे शिकवले जावे असे आम्हाला मनापासून वाटते.

भेग कुणाला बुजवता येणार नाही, पण पाणी मात्र आपण आटवू शकतो. वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जातो. विहिरी आटल्या, बोअर आले, आणि बोअरची खोली वाढतच गेली. वर येणाऱ्या गरम पाण्याला वाटेत थंड भूजल भेटते. त्याची पातळी ढळली की झऱ्याचा दाब, त्याची धार आणि तापमान, तिन्ही बदलू शकतात. संत्र्याच्या बागायतदाराला यासाठी दोषी धरणे अन्यायाचे होईल. पण झऱ्याभोवती ठरावीक अंतरात नवे खोल बोअर नकोत, एवढा नियम करायला हरकत नसावी. जपानने 1948 साली गरम झऱ्यांचा स्वतंत्र कायदा केला. तिथे असे पाणी मिळवण्यासाठी खोदकाम करायचे तर प्रशासनाची परवानगी लागते, आणि न्हाणीघरात दिसेल अशा जागी पाण्यातले घटक लिहून लावावे लागतात.

दुसरा प्रश्न कुंडातल्या आंघोळीचा. अनहोनीचे पाणी त्वचारोगांवर गुणकारी मानले जाते. साहजिकच खरूज, गजकर्णाने त्रासलेली माणसे आशेने येतात, त्याच पाण्यात बसतात, त्याच काठावर पंचे वाळत घालतात. शेजारी कुणाचे तान्हे मूल न्हात असते. अनहोनीला झऱ्याचे पाणी पुढे नाला होऊन वाहते. अशा वाहत्या पाण्यात मळ निघून जातो, पण सिमेंटने बांधून अडवलेल्या टाक्यात तो तिथेच फिरत राहतो. बांधकाम म्हणजे विकास, ही समजूत इथे नेमकी उलटी पडते. कुठल्याही यात्रेनंतर अशा कुंडाच्या काठावर शांपूच्या फाटक्या पुड्या आणि साबणाचा पांढरा तवंग दिसतो; गंधकाच्या वासाच्या पाण्यालाही तो धुऊन काढता येत नाही.

मग करायचे काय? उगमाच्या तोंडाला कुणी हात लावू नये. तिथून पाणी सतत खालच्या न्हाणीत पडावे आणि पुढे वाहून जावे. साबण लावायची जागा वेगळी, तिचा निचरा वेगळा. बायकांसाठी आडोसा हवा. ओल्या लुगड्यानिशी दोघी-तिघींनी धरलेल्या पदराआड कपडे बदलण्याची पाळी त्यांच्यावर का यावी? सालबर्डीला अडचण अशी की गाव दोन राज्यांत विभागलेले आहे, अर्धे अमरावती जिल्ह्यात, अर्धे बैतूलमध्ये. महाशिवरात्रीचा बंदोबस्त आणि कुंडाची सफाई यांची आखणी दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी एकत्र बसून केली पाहिजे, आणि ती यात्रेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, दिवाळीनंतर लगेच.

तोवर जाणाऱ्याने आपल्यापुरते काही पाळावे. आधी हाताने पाण्याचा अंदाज घ्यावा. चटका बसत असेल तर ओढ्याने खाली सरकावे. पाच-दहा मिनिटे पुरेत. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. डोके बुडवू नये, मुलांना बुडी मारू देऊ नये. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. केरळात अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण 2024 आणि 2025 मध्ये आढळले आहेत. अंगावर जखम किंवा पुरळ असेल तर कुंडात उतरण्याऐवजी तांब्याने पाणी काढून बाजूला न्हावे.