डेपोवरची मावशी

मी शिरूर अनंतपाळला नववीच्या पोरांना विज्ञान शिकवतो. वाढलो वस्तीतच. पुस्तकात 'शाश्वत विकास' आला की पोरं जांभया देतात. म्हणून मागं एकदा ४० पोरं एसटीत घातली, लातूरला नेली. शहर कशावर जगतं ते डोळ्यांनी बघा म्हणलं.

आधी जलशुद्धीकरण केंद्र. तुरटीनं गाळ बसतो, वाळूतून पाणी गाळतात, क्लोरिननं जंतू मरतात. वह्या भरल्या. मग कचरा डेपो. पोरांनी नाकाला रुमाल लावले. मी आपला मिथेन समजावतोय : ओला कचरा दबला, हवा तुटली की वायू तयार होतो, पेट घेतो. आणि एक पोरगं एसटीच्या आड जाऊन उभं. ढिगावर प्लास्टिक वेचणारी बाई त्याची मावशी होती. तिनं हात केला. त्यानं मान फिरवली.

दोस्तहो, त्या दिवशी नापास झालो तो मी. मिथेन काय, फळ्यावरही शिकवता आला असता. डेपोवर नेऊन मी वायू दाखवला, माणूस झाकला.

पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सुप्रीम कोर्टानं १९९१ सालीच सांगितलंय. आता जलसुरक्षेचं वेगळं पुस्तकही आहे. असू द्या. पण 'नळ घट्ट बंद करा' हे सांगता कुणाला? ज्याच्या दारात नळच नाही त्याच्या लेकराला? २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, पुढं ५०. त्याच मांजरेच्या खोऱ्यात ऊस पाणी पीत होता. एक घागर, एक वाघीण, एक एकर ऊस. घाला की हे गणित परीक्षेत! लातूर पॅटर्नवाल्यांनाही जड जाईल.

काहीजण म्हणतात, क्षेत्रभेटी बंद करा, पोरांची लाज निघते. मला हे पटत नाही. १९२३ साली बोलेंचा ठराव पास झाला होता, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाडच्या म्युनिसिपालिटीनंही होय म्हणलं होतं. कागद तयार, घसा कोरडाच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले. जागेवर जावंच लागतं.

पण जाऊन ऐकायचं कुणाचं? ती मावशी प्लास्टिक नुसतं चुरगाळून, आवाजावरून ओळखते. कुठलं वितळून पुन्हा कामाला येईल, कुठलं भंगारवाला घेणार नाही, सगळं तोंडपाठ. आमच्या वर्गात हे कुणालाच येत नाही, मला धरून. तरी पाहुणे म्हणून आम्ही साहेब बोलावतो, शाल-नारळ देतो. मी यंदा तिला बोलवा म्हणलं. मानधन देऊन. मीटिंगीत एकजण हसला. दुसऱ्यानं विचारलं, तिचं शिक्षण किती?

मानधन किती मागायचं, ते तिलाच विचारायला रविवारी चाललोय. पोरगं येतो म्हणालाय. मग म्हणाला, बघतो.