मुदत संपलेल्या औषधांची तजवीज

ज्या समाजात पानात अन्न टाकणे दोषास्पद मानतात, आणि जुन्या लुगड्याची गोधडी होईपर्यंत त्याचे आयुष्य संपले असे कोणी समजत नाही, त्या समाजातील कुटुंबाच्या हातून दाम मोजून आणलेले औषध केराच्या टोपलीत सहजासहजी पडत नाही, हे त्याच्या संस्कारांस शोभणारेच आहे. परंतु हाच संस्कार औषधांच्या बाबतीत अपायकारक ठरतो, हे उघडपणे सांगावयास हवे. डॉक्टरांनी पाच गोळ्या लिहून द्याव्यात, दुकानदाराने पट्टी कापण्यास नाखुशी दाखवून दहा हाती ठेवाव्यात, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून रुग्णाने उरलेल्या कपाटात सारून द्याव्यात, असा हा क्रम घरोघर चालतो. पुढे त्याच गोळ्या कधी शेजारच्या मुलाच्या खोकल्यावर, कधी कामाला येणाऱ्या बाईंच्या घरातील तापावर, अत्यंत सद्भावनेने दिल्या जातात. प्रतिजैविकाच्या चार सुट्या गोळ्यांनी रोग हटेलच असे नाही, मात्र त्या औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे शिल्लक राहून बळावण्याची भीती असते. आणि आजोबांची मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी नातवाच्या हाती लागली, तर काही औषधांच्या बाबतीत एकच गोळी त्याच्या प्राणांवर बेतू शकते.

बरे, टाकावे म्हटले तर टाकावे कोठे? पातळ औषध मोरीत ओतणे सर्वांत सोयीचे वाटते. पण सांडपाणी शुद्ध करणारी आपली केंद्रे मैला व सेंद्रिय घाण यांसाठी बांधलेली आहेत, पाण्यात विरघळलेली औषधी द्रव्ये पुरतेपणी वेगळी काढणे हे त्यांचे काम नव्हे, आणि आपल्या कित्येक गावांचे सांडपाणी तर कोणत्याही प्रक्रियेवाचून नदीला मिळते. औषधाचा अवशेष सृष्टीत कोठवर पोहोचतो याचा दाखला आपल्याच आकाशात आहे: जनावरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि 2006 साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी येईपर्यंत भारतातील काही जातींची गिधाडे शेकडा 95 हून अधिक नाहीशी झाली होती. तो मामला फेकलेल्या औषधांचा नव्हता, हे खरे. पण औषधाचा प्रवास रोग्यापाशी संपत नाही, हे त्याने निर्विवाद सिद्ध केले.

कायदा या विषयी मुका नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी मुदतबाह्य औषधांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली, आणि दर 20 चौरस किलोमीटरांमागे अशा कचऱ्याचे एक संकलन केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. आपल्या प्रभागात ते केंद्र कोठे आहे, हे वाचकांनी एकवार विचारून पाहावे. बहुतेक ठिकाणी हे कलम दप्तरातच राहिले आहे. उलट केरळच्या औषध नियंत्रण खात्याने 2025 साली कोझिकोड येथून घरातील निरुपयोगी औषधे परत घेऊन शास्त्रोक्त रीतीने नष्ट करण्याची योजना सुरू केली. युरोपीय संघाने 2004 सालीच आपल्या सदस्य राष्ट्रांवर अशा संकलनाचे बंधन घातले. फ्रान्समध्ये औषधांची दुकाने ती परत घेतात आणि खर्चाचा भार औषध कंपन्या उचलतात.

माझे म्हणणे एवढेच की, जे दुकान औषध विकते त्याच दुकानात ते परत घेणारी कुलूपबंद पेटी असावी, तिचा खर्च उत्पादकांकडून वसूल व्हावा, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तसा हुकूम रीतसर काढावा. लहान दुकानदारावर हा बोजा होईल, अशी हरकत घेतली जाईल. ती रास्त आहे, आणि म्हणूनच पेटी उचलून नेणे व तिची नोंद ठेवणे ही कामे नगरपालिकेची असावीत.

तोवर घरातल्या घरात एवढे पाळता येईल: गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात वा मातीत कालवाव्यात, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्याव्यात, आणि रिकामी पट्टी कापून टाकावी, म्हणजे ती पुन्हा बाजारात येणार नाही. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत बंद करून वर ठळक अक्षरांत तसे लिहावे. कचरा हातांनी वेचणाऱ्या स्त्रियांच्या बोटांचा तो प्रश्न आहे. अपवाद फक्त मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या तीव्र औषधांचा. कर्करोगाचा रुग्ण गेल्यावर ती घरात उरतात, आणि चुकून घेतलेली एक मात्राही घातक ठरू शकते. म्हणून ती प्रथम उपचार करणाऱ्या केंद्राकडे परत द्यावीत, आणि ते शक्यच नसेल तर केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 2025 च्या मार्गदर्शिकेत 17 औषधांची जी यादी दिली आहे, तीत नाव पाहून, तेवढीच शौचकूपात सोडावीत.