शेवटच्या फेरीतील छोटी चाल

पत्ते म्हटले की आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक, पत्ते म्हणजे व्यसन. दुसरे, पत्ते म्हणजे नशीब. पहिल्या मताशी माझे भांडण नाही. दुसरे मात्र अपुरे वाटते. म्हणून पोकर या खेळातील एका लहानशा गोष्टीकडे, म्हणजे शेवटच्या फेरीतील छोट्या चालीकडे, वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

तीन पत्ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दोघेच उरले की ठरलेली रक्कम भरून ‘शो’ मागता येतो. म्हणजे समोरची पाने पाहण्याची किंमत तेथे नियमाने ठरते. पोकरमध्ये ती खेळाडू ठरवतो. मध्यभागी एकूण पाच पाने उघडली जातात आणि पाचव्याला ‘रिव्हर’ म्हणतात. प्रवराकाठच्या मंडळींना हे नाव लक्षात ठेवणे अवघड जाऊ नये! त्यानंतर नवे पान येत नाही. नशिबाचे काम संपलेले असते. उरतो तो माणसाचा अंदाज.

समजा, मध्ये १०० चिंचोके जमले आहेत आणि माझी पाने मध्यम आहेत. मी गप्प राहिलो तर समोरचा ८० लावील आणि मला पेचात टाकील. म्हणून मीच आधी २५ लावतो. आता त्याला २५ भरून १२५ मिळवायचे आहेत. सहांत एकदा जिंकला तरी त्याचे नुकसान नाही. साहजिकच तो माझ्याहून हलक्या पानांवरही भरतो. त्याची पाने जबर असतील तर तो बहुधा रक्कम वाढवील. मग मी पाने टाकून २५ वर सुटतो. या चालीला कुणी भित्री म्हणोत, तिच्यामागे हिशेब आहे.

परंतु मध्यम पानांवर नेहमी छोटी आणि उत्तम पानांवर नेहमी मोठी चाल करणारा लवकरच ओळखला जातो. मग समोरचा काहीही हाती नसताना रक्कम वाढवून त्याला पळवून लावतो. म्हणून जाणता खेळाडू कधीकधी उत्तम पानांवरही छोटीच चाल करतो. येथे छल आला. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्णांनी छल करणाऱ्यांतील द्यूत ही आपली विभूती म्हटली आहे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवर भाष्य केले, तेथील विद्यार्थ्यांनी छल करू नये हे खरे. पण तो ओळखता तरी यावा.

कारण खरी गोम भरणाऱ्याच्या बाजूला आहे. “पंचवीसच तर आहेत, पाहून घेऊ,” असे म्हणून तो दर वेळी भरतो. सहांत एकदा तरी आपण खरोखर जिंकू काय, हे तो स्वतःला विचारीत नाही. मोबाइलवरील पैशाच्या खेळांनी कित्येक तरुणांना ओढले ते याच “थोडेच तर आहेत”च्या बळावर. २०२५ साली संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा केला. ते योग्यच झाले. पण कायद्याने खेळ थांबतो, भूल थांबत नाही. लॉटरीचे तिकीट काय, सोपा हप्ता काय, रक्कम छोटी दिसली की आपला हिशेब सुटतो.

म्हणून आमच्या प्राध्यापकांना विनंती की, अर्थशास्त्राचा एखादा तास त्यांनी पत्त्यांना द्यावा. पैसा मुळीच नको. प्रत्येकाला मोजून १०० चिंचोके द्यावेत. संपले की तो उठला. “पंचवीसच तर आहेत” म्हणणारा चार वेळा चुकला की रिकाम्या हाताने बाकावर जाऊन बसेल. चिंचोके गेल्याने कुणाचे घर बुडत नाही, आणि हा धडा मात्र जन्मभर पुरेल.