जागा किती, त्यावर कायदा कुठला!

बिहार विधानसभेचा निकाल १४ नोव्हेंबर २०२५ रोजी लागला आणि बरोबर आठवड्याने, २१ नोव्हेंबरला, पाच वर्षे पडून असलेल्या चार कामगार संहिता केंद्राने लागू केल्या. याला योगायोग म्हणायला आम्ही तयार नाही. कामगार कायद्याची दिशा आणि वेळ आपल्याकडे निवडणुकीतल्या जागा ठरवतात, हा जुनाच अनुभव आहे.

एकच आकडा पाहा. किती कामगारांच्या कारखान्याला कपात करण्याआधी किंवा टाळे लावण्याआधी सरकारची परवानगी लागावी? आणीबाणीत, १९७६ मध्ये, तो ३०० ठरला. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यावर १९८२ च्या दुरुस्तीने तो १०० वर आला. २००१ च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हांनी तो थेट १००० करण्याचे जाहीर केले. पण वाजपेयींचे सरकार आघाडीचे, त्यात घरच्याच भारतीय मजदूर संघाचे दत्तोपंत ठेंगडी विरोधात उभे ठाकले. प्रस्ताव बारगळला. २००४ मध्ये डाव्यांच्या साठेक खासदारांच्या टेकूवर सरकार आले, तेव्हा तर हा विषय काढण्याचीही कोणाची प्राज्ञा नव्हती. उलट २००५ मध्ये महाराष्ट्राची रोजगार हमी देशाचा कायदा झाली.

मग २०१९. भाजपला ३०३ जागा. २३ मे रोजी निकाल आणि २ ऑगस्टला वेतन संहिता राज्यसभेतून पार! उरलेल्या तीन संहिता सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या धामधुमीत, विरोधकांचा बहिष्कार असताना मंजूर झाल्या. २९ कायद्यांच्या चार संहिता झाल्या आणि परवानगीचा आकडा पुन्हा ३०० वर गेला. राज्यांचे नियम तयार नाहीत, हे विलंबाचे अधिकृत कारण. पण २०२४ मध्ये जागा २४० वर आल्या आणि दीड वर्ष कोणी घाई केली नाही, हेही खरेच.

संहितांत सगळेच वाईट नाही. चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या पोराची पगारचिठ्ठी पाहा: बेसिक नावापुरते, बाकी सारे भत्ते. आता एकूण मोबदल्याचा निम्मा भाग तरी वेतन धरावा लागेल, म्हणजे ग्रॅच्युइटी फुगेल. मुदतीच्या नोकरीवरही ती वर्षभरात मिळेल. नेमणूकपत्र सक्तीचे झाले, हे तर फार आधीच व्हायला हवे होते. पण याच पोराने संपाचा विचार केला तर चौदा दिवसांची नोटीस हवी, आणि निम्म्या कामगारांनी मिळून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच!

यातले काय प्रचारसभेत मतदारांपुढे मांडले गेले? मोफत धान्यावर, मंदिरावर, आरक्षणावर मते मागितली गेली. तीनशेच्या आकड्यावर कोणी मागितली नाहीत, आणि विरोधकांनीही तो फारसा उगाळला नाही. बहुमत मिळाले की त्यात हेही आले, असे गृहीत धरले जाते.

यासाठीच तर मालक, कामगार आणि सरकार यांना एका टेबलाशी बसवणारी भारतीय श्रम परिषद आहे. ती शेवटची भरली जुलै २०१५ मध्ये. कामगारमंत्री मनसुख मांडविया यांनी ती तातडीने बोलवावी, आणि २०२० मध्ये याच ३०० च्या कलमावर हरकत घेणाऱ्या मजदूर संघालाही तिथे उघडपणे बोलू द्यावे.