गाडी घेताना आधी विकायचा विचार : लोणंद भागात डिझायरच का चालते?

लोणंद : बाजार समितीसमोर, एखाद्या मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये नाहीतर स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहा आणि डिकीवाल्या गाड्या मोजा. पांढरी डिझायर, परत एक पांढरी डिझायर, मध्येच एखादी अमेझ, ऑरा नाहीतर टिगोर. चारही गाड्या चार मीटरच्या आतल्या, किमतीही साधारण एकाच पट्ट्यातल्या. तरी लोक फिरून फिरून डिझायरवरच येतात.

का, असं विचारलं की "मायलेज" हे उत्तर ठरलेलं असतं. ते खोटं नाही, पण तेवढ्यानं भागत नाही.

जरा मागं जाऊ. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांचा अबकारी कर २४ वरून १६ टक्के झाला. त्या मापात डिकीची गाडी पहिल्यांदा बसवली ती टाटांनी, २००८ ची इंडिगो सीएस. त्याच वर्षी आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, म्हणजे सवलतीच्या बाहेर. मारुतीनं २०१२ ला तिची शेपटी कापून ३९९५ मिलिमीटरवर आणली. म्हणजे डोकं आधी चाललं ते टाटांचं, बाजार मारला दुसऱ्यानंच.

झेस्टचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०१४ ला टाटांनी झेस्ट आणली. तिचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन फियाटच्या घराण्यातलं, म्हणजे डिझायरमध्ये होतं तेच. उलट झेस्टच्या वरच्या मॉडेलमध्ये ताकद जास्त, ९० पीएस, डिझायरला ७५. २०१६ ला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत झेस्टला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी चार स्टार मिळाले. इंजिन तेच, ताकद जास्त, पत्रा दणकट. तरी झेस्ट बंद पडली आणि डिझायर चालू राहिली. फक्त मायलेज आणि इंजिन बघून गाडी घेतली जात असती, तर असं झालंच नसतं.

फरक गाडीच्या बाहेर होता. ते डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्ट, रिट्झ, एर्टिगा, ब्रेझा अशा किती तरी गाड्यांत होतं. त्यामुळे गावोगावच्या फिटरचा हात त्यावर बसला. क्लचप्लेट असो की पुढचा बंपर, लोणंदला नाही मिळाला तर फलटणला, नाहीतर साताऱ्याला मिळणारच. कंपनीचा नसला तर लोकल तरी मिळतो. सोमवारी गाडी बंद पडली आणि गुरुवारी पुणे गाठायचं असेल, तर शोरूममधल्या मोठ्या स्क्रीनचा काय उपयोग? त्यात टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी घेतली. ज्याचं पोट गाडीवर चालतं त्याचा शब्द आपल्याकडे जाहिरातीपेक्षा वजनदार ठरतो.

सगळ्यात मोठं कारण मात्र परत विकायचा भाव. लोणंदचा कांदा बाजार जवळून बघितलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी, मग पुन्हा शुल्क, आणि ते पूर्ण उठलं १ एप्रिल २०२५ ला. ज्याचं उत्पन्न असं वर-खाली होतं, त्याच्यासाठी दारातली गाडी अडीअडचणीला मोडायची वस्तूही असते. डिझायर विकायला काढली की गिऱ्हाईक गावातच मिळतं. दुसऱ्या गाडीला गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि शोधायला वेळ नसला की भाव पडतो. शेतमालाचं जे होतं तेच.

आता गेल्या काही काळात दोन गोष्टी बदलल्यात. "मारुतीचा पत्रा पातळ" हा शिक्का जुना आहे. नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या नवीन डिझायरला ग्लोबल एनकॅपकडून मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले, आणि सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला आहेत. ते स्टार नवीन गाडीचे आहेत, हे सेकंडहँडवाल्यांनी लक्षात ठेवावं. दुसरी गोष्ट जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा कर सेससह २९ टक्के होता तो १८ टक्के झाला आणि डिझायरची सुरुवातीची शोरूम किंमत ६ लाख ८४ हजारांवरून सव्वासहा लाखांच्या आसपास आली. पण ही सवलत अमेझ, ऑरा, टिगोरलाही तशीच मिळाली. "फक्त आमच्याच गाडीला" असं कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

डिझेल डिझायर २०२० ला बंद झाली, तेव्हापासून सगळा ओढा सीएनजीकडे आहे. इथं मात्र घाई होते. सीएनजी मॉडेलला ८०-९० हजार जास्त मोजावे लागतात. पेट्रोल १०५ रुपये आणि सीएनजी ९० रुपये धरा. रस्त्यावरचं मायलेज पेट्रोलवर २० आणि सीएनजीवर २७ धरा. किलोमीटरमागं वाचतात साधारण १ रुपया ९० पैसे. म्हणजे ९० हजार वसूल व्हायला ४७ हजार किलोमीटर लागतात. शिरवळच्या कंपनीत रोज ये-जा करून वर भाडी मारणारा, दिवसाला शंभर किलोमीटर पळणारा, दीड-पावणेदोन वर्षांत पैसे काढतो. लग्नकार्य, दवाखाना आणि जेजुरीपुरती महिन्याला तीनशे किलोमीटर गाडी काढणाऱ्याला तेरा वर्षं लागतील. शिवाय डिझायरची टाकी डिकीत बसते, बॅगा मग मांडीवर. टिगोरमध्ये दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी असल्यानं बरीच जागा उरते. आणि सीएनजीवर ताकद ८२ वरून ७० पीएसच्या आसपास येते. पाच माणसं घेऊन साल्पे घाट चढताना ते कळतं.

भाडं मारण्यावरून आठवलं. पांढऱ्या पाटीच्या गाडीवर भाडं मारताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. हप्ता भाड्यावरच फेडायचा असेल तर पिवळी पाटी करून घ्या, खर्च झाला तरी.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी हिशेब उलटा होतो. डिझायरला मागणी जास्त, म्हणून तिचा भाव चढा, आणि टॅक्सीत पळालेल्या गाड्याही तिच्यातच जास्त. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि विम्याची तारीख बघा, सर्व्हिसची नोंद मागा. तेवढ्याच पैशात पुढच्या सालाची, कमी पळालेली अमेझ किंवा टिगोर मिळू शकते. तीन-चार वर्षांत गाडी मोडायची असेल तर डिझायरचे जास्तीचे पैसे परत येतात. पण घेतलेली गाडी भंगारात जाईपर्यंत वापरायचीच असं ज्यांचं ठरलंय, ते परत विकायच्या भावासाठी आज पैसे कशाला मोजतायत?